माझ्याच हातची घडी

बाई, तुमच्या पुसदच्या शिवणक्लासातली ती रडूबाई आता पॅराशूटच्या घड्या घालते. यवतमाळजवळच्या धावपट्टीवर मुलंमुली विमान चालवायला शिकतात. विमान हाताबाहेर गेलंच, तर उडी मारायला पाठीवर बांधलेलं असतं ते हे पॅराशूट. दोरी न् दोरी सरळ करून मी ते आवळून ठेवते आणि काही महिन्यांनी, कुणी न वापरताच, उघडून पुन्हा घडी घालते. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "कोनी घातलं नाही त घडी कायले मोडतं वं?" तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी टेबलाशी उभी राहिले की तुमच्याशी बोलणं सुरूच असतं.

परवा उमरखेडची एक पोरगी माझ्यापाशी येऊन रडायलाच लागली. दुसऱ्या दिवशी तिला विमान मुद्दाम गरगरत खाली सोडून पुन्हा सावरायचं होतं. शिकणंच सोडते, घरी जाते, म्हणाली. "मॅडम, हे उघडलंच नाही त? तुमी सोता घालान का हे?" आता मी जिन्याचाही कठडा न सोडणारी बाई. पण तुम्ही आठवलात. माझा पहिला फ्रॉक, एक बाही वर, एक खाली. मी तो कपाटामागे दडवलेला, आणि तुम्ही नेमका शोधून काढता. "सोताच्या हातचा हाये ना? मंग घाल आंगात अन् चाल बजारात." सगळा बाजार मलाच हसतोय असं वाटून मी मान वर करत नाही. शेजारून चालणाऱ्या तुमच्या चपला तेवढ्या दिसत राहतात.

त्या पोरीचंच पॅराशूट मी पाठीवर बांधलं आणि शिकवणाऱ्या सरांना म्हटलं, मला एक फेरी मारून आणा. गरगरवू नका, एवढं मात्र हात जोडून सांगितलं. ती खाली उभी राहून बघत होती. उतरले आणि हसून म्हणाले, "काही नाही वं, सारं यवतमाळ दिसते वरून." दुसऱ्या दिवशी ती गेली, गरगरली, सावरली, आणि येऊन मला अशी बिलगली की तिच्या पाठीवरची ती न मोडलेली घडी माझ्या हाताला लागली. फार भरून आलं, बाई.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून खरं सांगते. मी यवतमाळ पाहिलंच नाही. चाकं सुटल्यापासून टेकेपर्यंत डोळे गच्च मिटून बसले होते. बाजारात निदान तुमच्या चपला तरी दिसत होत्या.