खोताची छडी आणि गॅरेजातला झेंडा

सुभाषचे बाबा,

प्रिय वगैरे लिहायची आपल्यात रीत नव्हती, मेल्यावर कशाला सुरू करू? चौथीपर्यंतचं माझं अक्षर बघून तुम्ही हसायचात. आता हसा.

परवा दसरा. तुम्ही गेल्याला वर्ष झालं नव्हतं म्हणून मागच्या खेपेला गॅरेजात हत्यारांची पूजा झाली नाही. यंदा वर्षश्राद्ध उरकलं, तर सुभाषला पूजा थाटात करायची आहे. तुमच्या बाकड्यावर, तुमच्या त्या खिळ्याला तुमचा लाल झेंडा टांगून. रिया म्हणते, झेंडा लागला तर मी पाय ठेवणार नाही. बाप-लेकीचं बोलणं बंद आहे. झेंडा माझ्या ट्रंकेत, किल्ली माझ्या कमरेला. गेलात आणि भांडण माझ्या गळ्यात बांधून गेलात. दुसरं काय ठेवणार होतात म्हणा.

मेलेल्या माणसाला नावं ठेवू नयेत म्हणतात. जिवंत होतात तेव्हा ठेवली, ती तरी कुठं ऐकलीत?

अमेरिकेतून आलेली ती ठोकलेली पिकअप आठवते? तिकडे अपघातात गेलेल्या गाड्या बोटीनं शारजात यायच्या आणि तुम्ही त्या पुन्हा उभ्या करायचात. तिच्या सीटमागे घडी घातलेलं कापड निघालं. लाल, त्यावर निळी फुली, फुलीत पांढऱ्या चांदण्या. मी म्हटलं, "काय आहे, कुणाचं आहे, विचारा तरी कुणाला." तुम्ही म्हणालात, "अमेरिकेचं आहे, म्हणजे चांगलंच असणार." शेजारणीकडून आलेली वाटीसुद्धा मी घासून वापरते. तुम्ही परक्यांचा झेंडा न विचारता टांगलात.

आणि नुसता टांगला नाहीत. दसऱ्याला पाने, जॅक, वेल्डिंगचं मशीन मांडून हळदकुंकू लावलंत आणि झेंड्यालाही गोंड्याच्या फुलांची माळ घातलीत. मी श्रीखंडाचा डबा घेऊन आले होते, रिया बरोबर होती. तेवढ्यात तो मास्तर आपली गाडी कुठवर आली ते बघायला आला. काळा, उंच, अमेरिकन, इथल्या कुठल्याशा शाळेत शिकवणारा. पूजा दिसली तसे त्यानं दारातच बूट काढले. आपल्या लोकांनासुद्धा सांगावं लागतं, त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मग त्यानं वर बघितलं. वाकला आणि बूट परत घातले.

आवाज चढवला नाही हो त्यानं. रियानं मला सांगितलं तो काय म्हणाला ते. म्हणाला, माझ्या आजीच्या आजीला बाजारात उभं करून विकलं. ती विक्री चालू राहावी म्हणून अमेरिकेतली जी राज्यं लढली, त्यांच्या फौजेचा हा झेंडा. पुढे माझे वडील शाळेत जायला लागले, तेव्हा काळ्या पोरांनी आत येऊ नये म्हणून लोक हाच घेऊन दारात उभे होते. कृपा करून उतरवा.

तुम्ही काय म्हणालात? "हबीबी, ओन्ली डिझाइन." आणि हातावर प्रसाद ठेवायला गेलात. त्यानं हात मागे घेतला, अर्धी दुरुस्त झालेली गाडी तशीच घेऊन गेला. तुम्ही म्हणालात, "भडक डोक्याचा आहे." भडक कोण होतं, माळ घातलेलं की माळ बघितलेला?

नंतर तो दुसरा अमेरिकन आला, गोरा, उन्हानं भाजलेला. झेंड्यापुढे छातीवर हात ठेवून उभाच राहिला. म्हणाला, माझा खापरपणजोबा याच्याखाली लढून मेला. गरीब शेतकरी होता, गुलाम कुठले त्याच्याकडे? गावासाठी मेला. यात द्वेष नाही, वारसा आहे. तो खोटं बोलत होता असं मी म्हणत नाही. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. पण त्याचा खापरपणजोबा ज्याच्यासाठी मेला, त्यात त्या मास्तरच्या आजीच्या आजीचा बाजारही होता की नाही? तुम्हाला कसलं काय. गोऱ्यानं हात मिळवला, झेंड्यापुढे तुमचा हसरा फोटो काढला आणि तुम्ही आठवडाभर ताठ मानेनं जेवलात.

आता खोताची छडी आठवा.

सुट्टीवर गावी गेलो होतो. खोताच्या नातवानं गल्फवाले म्हणून दसऱ्याला बोलावलं. पाटावर तलवारीशेजारी वेताची छडी, तिला कुंकू, तिला फुलं. तो म्हणाला, "आमच्या आजोबांची. घराण्याची शान." त्याच छडीनं तुमच्या बापाची पाठ फोडली होती, शेताचा मक्ता वेळेवर गेला नाही म्हणून. तुमचे हात जोडले गेले नाहीत. घरी येऊन पानावरून उठलात, अंगणात बसून रडलात. मला म्हणालात, "द्वारके, त्यांची शान माझ्या बाच्या पाठीवर आहे गं."

तुमच्या बापाची ती पाठ, आणि मास्तरच्या आजीच्या आजीची काय नुसती कातडी होती? ज्याच्या घरात छडीचे वळ, त्यानं झेंड्याला माळ घालावी, हे जळलं लक्षण माझ्याच नवऱ्याचं असायचं होतं.

काल सुभाष किल्ली मागायला आला. "आई, तो झेंडा बघितला की बाबा डोळ्यांपुढे उभे राहतात." रिया आतून म्हणाली, "पप्पा, इट्स नॉट अबाउट आजोबा." तो ओरडला, "माझ्यासाठी आहे!"

मी म्हटलं, "गावी जा. खोताच्या छडीला नमस्कार करून ये. मग देते किल्ली."

"कुठली छडी?"

पोराला ठाऊकच नव्हतं. तुम्ही कधी सांगितलंच नाहीत. कसं सांगाल? बापाचा मार सांगितला असता, तर झेंडा उतरवावा लागला असता. मग मीच सांगितलं सगळं. रिया बाहेर येऊन दारात उभी राहिली. सुभाषनं किल्लीसाठी पुढे केलेला हात मागे घेतला. म्हणाला, "मग टाकून दे आई."

टाकला तर उद्या तुमच्यासारखाच कुणीतरी शहाणा उचलून लावील. मी कात्री घेतली. बायकोला जड गेलं असेल असं वाटेल तुम्हाला. नाही गेलं. कापड जाड होतं, एवढंच. चिंध्या केल्या, इंजिनाचं ऑइल पुसायला. रियानं ढीग बघितला आणि बापाला विचारलं, "परवा किती वाजता निघायचं?"

खिळ्याला तुमचा फोटो लागेल. माळ मीच घालीन. मला काही उमाळा आलेला नाही, खिळा रिकामा बरा दिसत नाही म्हणून. आणि शब्द देते, दर दसऱ्याला कुणी विचारलं, हा कोण, तर नुसतं चांगला मेकॅनिक होता म्हणून सोडणार नाही. छडीपुढे रडला होता हे सांगीन, आणि झेंड्यापुढे हसला होता हेही सांगीन. एक सांगून दुसरं गाळलं, तर तुमचाही झेंडाच होईल.

तुमची, किल्ली अजून कमरेलाच असलेली,
द्वारका