ज्योतीपुढचा डबा

ओटावा

अहो,

नमस्कार. मी आणि सलोनी खुशाल आहोत, हे आधी लिहिते. फोनवर यातलं काही बोलायचं नाही असं लेकीने बजावलंय, म्हणून पत्र.

काल आम्ही संसद बघायला गेलो. इमारत दुरुस्तीसाठी झाकलेली आहे, पण पुढच्या मैदानात कारंज्याच्या मधोमध ज्योत तेवत असते. मला राहवलं नाही. शिऱ्याचा डबा कठड्यावर ठेवून नैवेद्य दाखवला आणि घटकाभर तिथेच राहू दिला. तेवढ्यात मागची नदी बघून आलो.

येऊन बघतो तर पोलिसांनी मैदान रिकामं केलेलं, आणि त्यांचा कुत्रा आपला डबा हुंगतोय! मी ओरडणार, तोच सलोनीने माझं तोंड दाबलं. "आई, गप्प! माझे पर्मनंट रेसिडेन्सीचे पेपर्स अजून प्रोसेसमध्ये आहेत." आणि मला ओढतच घरी आणलं; डबा तिथेच राहिला.

तेव्हापासून दाराची बेल वाजली की आम्ही एकमेकींकडे बघतो.

बीपीची गोळी घेता ना? तो डबा आपल्या लग्नातला. झाकणावर तुमचं पूर्ण नाव कोरलंय, गावासकट. कुणी विचारायला आलं, तर डब्याची ओळख दाखवू नका.

तुमची,
नीलिमा