धरायचं काम

८ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

कामावर लागून आठवडा झाला. घड्याळदुरुस्तीचं दुकान बंद पडल्यावर तू तुझ्या संस्थेत चिकटवलंस, म्हणून आई तुला येता-जाता आशीर्वाद देते. मी धाकटा, मी नुसते आभार मानतो.

प्राणीघरात एकशे साठ पांढरे उंदीर आहेत. निम्म्यांना साधा मका, निम्म्यांना तुमचा तो जनुक बदललेला. दोन्ही पिठं दिसायला सारखी, वासालाही सारखीच. घातलेलं तोलायचं, उरलेलं तोलायचं आणि दर आठवड्याला उंदीर तोलायचा. असे नव्वद दिवस. त्यानंतर यांचं काय होतं, असं इथल्या प्रमुख डॉक्टरबाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, पुढचं पुढे. माझ्या हातात उंदीर अजिबात वळवळत नाहीत, याचं त्यांना फार नवल. अगं, जन्मभर केसाएवढ्या स्प्रिंगा धरल्या, उंदीर म्हणजे केवढा मोठा!

भाऊजींना नमस्कार. माझ्यावर माया ठेव, चुकलो तरी.

तुझा,
लोण्या

४ मे

चि. लोण्यास,
अ. आ.

फोनवर विचारलं तर तू रडशील, म्हणून पत्र.

तुझ्या तक्त्यांत काहीतरी भानगड आहे. नव्या मक्याच्या गटातली खालची रांग पीठ कमी खाते आणि वजनात सगळ्यांच्या पुढे पळते. मुख्य कचेरीत एकच धावपळ उडाली. मक्याने यकृतात चरबी साठते की काय, हे बघायला त्या रांगेतले बारा उंदीर गेल्या आठवड्यात कापले. ते तूच धरलेस आणि नंतर मोरीत जाऊन ओकलास, असं डॉक्टरबाईंनी कळवलं. वाचून हसू आलं. नाव आम्ही उगाच नाही ठेवलं, जरा ऊब लागली की वितळलास.

आत काही निघालं नाही. न खाता वजन वाढतं ते फक्त माझं, असं तुझे भाऊजी म्हणतात. उंदराचं वाढत नाही. तेव्हा काय ते खरं लिही.

लोभ आहेच, तो नियमात बसेल तेवढा राहील.

तुझी,
ताई

७ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

शेंगदाणे. माझ्या खिशातले. खालच्या रांगेतले काही जण सुरुवातीला अगदीच काडी होते. दोन महिने तेच कोरडं पीठ! माझ्याच्याने बघवेना. रोज चार-पाच दाणे देत गेलो. एका कान फाटलेल्याला आधी दिले, मग शेजारचे जाळीशी येऊन उभे राहायला लागले. अशाने ते बारा कापले जातील, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. त्यांना धरलं तेव्हाही नाही. तुझं पत्र वाचलं तेव्हा कळलं.

आता दाणे बंद केलेत. फक्त तुला सांगितलंय. मक्याचा दोष नाही, हे तर कळलंच ना? मग एवढं पोटात घाल. उरलेल्यांचे दिवस सुखाने भरू देत.

रागाव, पण तोडू नकोस.

तुझा,
लोण्या

१० मे

चि. लोण्यास,
अ. आ.

पोटात घालता येणार नाही. हा मका उद्या लोकांच्या पोटात जायचा आहे. तिथे तुझे शेंगदाणे मध्ये आले, तर तो बाधतो की नाही, हे कुणीच छातीठोकपणे सांगू शकणार नाही. मी चाचणीच्या समितीला सगळं लिहून दिलं. तुझं नाव लिहिलं आणि नातंही लिहिलं.

चाचणी रद्द झाली. उरलेले एकशे अठ्ठेचाळीस संपवायचे आणि नवे एकशे साठ आणून पहिल्या दिवसापासून सुरू करायचं. तुझ्या दयेचा हिशोब हा असा. नुसता निर्दय माणूस असता, तर निम्म्यातच भागलं असतं.

तुला काढून टाकणार होते. मीच मध्ये पडले. म्हटलं, काढू नका, त्याच्या हातात ते शांत राहतात, तोच धरील. सुई डॉक्टरबाई देतील. आता नाही म्हणून माझं तोंड काळं करू नकोस. आईला यातलं काही सांगू नकोस.

तुझ्या भल्याचंच बघते, हे विसरू नकोस.

तुझी,
ताई

२२ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

झालं. दोन दिवस लागले.

वरच्या रांगेतले सोपे गेले. खालच्या रांगेचं दार उघडलं, की ते आपणहून तळहातावर चढायचे. कान फाटलेला बोटं हुंगत होता. त्याला थोडा वेळ ठेवू का, असं मी विचारलं. डॉक्टरबाई वाईट नाहीत, त्या थांबल्या. सुई हातात धरून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, तुम्ही सांगाल तेव्हा. म्हणजे तेही मलाच सांगावं लागलं.

नवे सोमवारी येताहेत. मी जाड हातमोजे मागवलेत.

बाकी तू म्हणशील तसं.

तुझा,
धाकटा भाऊ

१५ सप्टेंबर

चि. लोण्यास,
अ. आ.

शाबास! या खेपेला तुझे आकडे आरशासारखे स्वच्छ. दोन्ही गटांत काडीचा फरक नाही. यकृत, मूत्रपिंड, रक्त, सगळं सारखं. निदान उंदरांना तरी हा मका बाधला नाही, असं अहवालात गेलं. समितीने तुझं कौतुक केलं, तुला कायम करताहेत. बघ, शेवटी माझंच खरं झालं की नाही? आता तरी चार ओळी मोकळेपणाने लिही. आईचं रक्त तपासायचं होतं, त्याचं काय झालं?

तुझ्या पत्राची वाट बघणारी,
ताई

२० सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

कायम केल्याचा कागद मिळाला. या खेपेचे एकशे साठही मीच धरले. ओकलो नाही.

आईचं रक्त काल घेतलं. परिचारिका घरी आली होती. आईची शीर सापडेना, ती हात ओढून घ्यायला लागली, म्हणून मी मागून धरलं. एक हात मानेमागे, एक कोपराखाली. आई हलली नाही. परिचारिका म्हणाली, इतकं छान धरणारं घरातलं माणूस तिने पाहिलं नव्हतं.

आईने पूर्ण वेळ डोळे गच्च मिटले होते. परिचारिका गेल्यावर उघडले आणि मला हळूच विचारलं, मघाशी मला धरायला कोण आलं होतं?

मी सांगितलं, परिचारिकेबरोबरचा माणूस होता, गेला.

आई म्हणाली, पुन्हा त्याला घरात घेऊ नकोस.

तुझा,
धाकटा भाऊ