मटिल्डाच्या झोपेसाठी दिवे

४ ऑक्टोबर, सकाळी
माझ्या बायकोला, मटिल्डाला महिनाभर धड झोप नाही. आमची एलिसा म्हणते, मम्मीला थोडे दिवस माझ्या सासरी पाठवा. पोरीला काय कळतं? झोप न येण्याचं कारण मला मोबाईलवर सापडलं. उजेड! सकाळी पांढरा, संध्याकाळी पिवळा, निजताना तांबडा. मग शरीराचं घड्याळ आपोआप चालतं. मी सातवी पास, पण वालीवला बल्बच्या कारखान्यात पॅकिंगला होतो. हे काम माझंच.

६ ऑक्टोबर
हॉलची ट्यूब काढून बारका पिवळा बल्ब लावला. वीजही वाचेल. मटिल्डा म्हणाली, भाजीतली अळी दिसत नाही. सवय होईल.

७ ऑक्टोबर
रात्री तिला तीनदा हलवून विचारलं, झोप लागली का. तिसऱ्यांदा उत्तरच दिलं नाही. गुण येतोय.

१० ऑक्टोबर
रोझरीच्या प्रार्थनेची पाळी आमच्या घरी. बायकांना पुस्तकातली गायनं वाचता येईनात. सगळ्यांनी मोबाईलचे टॉर्च लावले, तेही पांढरे! मी बंद करायला लावले. शेजारची विनी म्हणाली, अंकल, मयताच्या घरी आल्यासारखं वाटतंय. प्रार्थना अर्ध्यात आटोपली. शास्त्र लोकांना पचत नाही.

११ ऑक्टोबर, रविवार
जावई शेल्डन जेवायला. भिंग माशाचं कालवण. अंधारात त्याच्या घशात काटा अडकला, डॉक्टरकडे धावलो. निर्णय: काट्याचा मासा बंद. दिव्यांत बदल नाही. मटिल्डा बोलत नाही. शांतता झोपेला चांगलीच.

१२ ऑक्टोबर
पहाटे तिच्या उशाशी फ्लडलाइट लावला, सूर्य उगवल्यासारखा. किंचाळून उठली. चेहरा ताजातवाना. दुपारी बॅग भरून एलिसाकडे गेली. दोन दिवसांसाठीच. तोवर बेडरूमचं काम उरकतो.

१६ ऑक्टोबर
आली नाही. एलिसाला फोन केला. म्हणे, ट्यूब चालू, टीव्ही चालू, पोरांचा दंगा, आणि मम्मी हॉलमध्ये घोरतेय. मी विचारलं, ट्यूब कुठल्या रंगाची? ती म्हणाली, पप्पा, ट्यूबचं सोडा, इथे तिला उठवून झोप लागली का असं कोणी विचारत नाही. मी म्हटलं, विचारल्याशिवाय कळणार कसं? तिने फोन ठेवला.

२३ ऑक्टोबर
मटिल्डाचा निरोप: नाताळपर्यंत इथेच. म्हणजे तिला घाई नाही. बेडरूम तयार. सगळं टायमरवर टाकलं. दिवे आपोआप रंग बदलतात, आपोआप विझतात. मी खुर्ची घेऊन बघत बसतो. एकही चुकत नाही. मला करायला काही उरलं नाही.