अब्बांचा डावा हात

भोर, मंगळवार. मगरिबच्या नमाजनंतर.

आज पुन्हा तेच. लकवा मारल्यापासून अब्बा आपला डावा हात आपला मानतच नाहीत. दुपारी मी चहा घेऊन गेले, तर हळूच म्हणाले, "ह्यो कोण झोपलाय माज्या शेजारी? त्याचा हात पडलाय माज्या अंगावर."

"अब्बा, तुमचाच आहे तो."

"न्हाई गं. माजा असता तर मला कळलं नसतं व्हय?"

वेड म्हणावं तर घाटातलं प्रत्येक वळण अजून तोंडपाठ आहे. डॉक्टर म्हणाले, मेंदूचा जो भाग हाताला 'माझा' म्हणतो, त्यालाच मार बसलाय. म्हणजे 'माझं' म्हणणारा एक कोपरा असतो डोक्यात? मग 'माझी मुलगी' म्हणणारा कुठला? तो तरी टिकेल ना? विचारायचा धीर झाला नाही.

टेम्पोच्या गिअरवर घट्टे पडलेला हात हा. लहानपणी मी शेजारी बसायचे. घाटात करकचून ब्रेक लागला की गिअर सोडून हाच हात माझ्यापुढं आडवा यायचा. घट्टे अजून तसेच आहेत. रोज चाचपून बघते मी.

आत्ताच तेल चोळत होते. अब्बांनी उजव्या हातानं तो उचलला आणि माझ्या ओंजळीत ठेवला.

"अंधार पडाय लागलाय," म्हणाले. "ह्याला घरी पोचव. ह्याची पोरगी वाट बघत आसंल."