बाबांचा एकच सूर

३ मार्च

विकायचाच होता तर मला हवा का म्हणून विचारलंस कशाला, दादा? आणि मी नको म्हणालो तर चिडलास कशाला? — फोनवर सुचलं नाही, म्हणून इथं लिहितोय. बाबांचा विजेवरचा ऑर्गन! म्हणे चालू केला की हात न लावता एक सूर लागतो. वहिनी त्या खोलीत केर काढायलाही जात नाही. "सासरे गेले, पण तिथून उठले नाहीत," म्हणते.

५ मार्च

आज सहा कपाटं, एक पियानो. लोकांची घरं रिकामी करायची, सामान गोदामात आणून रचायचं. मालाची लिफ्ट घुमते तो आवाज कुठंतरी ऐकलाय. जेवतानाही कानातून जाईना.

८ मार्च

बाबा रेडिओ दुरुस्त करायचे, पण जीव सगळा सत्तरच्या दशकातल्या त्या परदेशी रॉकवाल्यांत. रेकॉर्डची अख्खी बाजू म्हणजे एक गाणं! तो वाजवणारा चार-चार कीबोर्ड भोवती रचून उभा, अंगावर चमचमता झगा, दोन हात दोन दिशांना. बाबा आईची शाल खांद्यावर टाकून तसेच वाजवायचे. "आता बघ — आता डावा हात सुटतो!" आई म्हणायची, "शाल पण सुटतेय, सांभाळा." वीस-वीस मिनिटं आम्ही दोघं भाऊ पलंगावर चिडीचूप. शाळेत एवढं गप्प बसलो असतो तर आज कपाटं उचलत नसतो.

११ मार्च

दादाने ऑर्गन जुन्या सामानवाल्याला दिला. पडत्या भावात. बरं झालं, सुटलो.

लिफ्ट घुमतेच आहे.

१२ मार्च

लिफ्टचं बटण दाबूनच धरावं लागतं, सोडलं की थांबते. आज दोघांत एक जड टेबल, हात मोकळा नाही. मी काडेपेटीतली काडी मोडून बटणाच्या फटीत खोचली. लिफ्ट चालू! मुकादम हसला, "कुठं शिकलास रे, खटपट्या?"

"बाबांकडून —" म्हणालो, आणि टेबल हातातून सुटता सुटता राहिलं.

बाबांना हात दोनच. खालचा सूर धरून ठेवायचा तर ते पट्टीच्या फटीत काडी खोचायचे. वाजवून झालं की आठवणीने काढायचे. "नाहीतर ओरडत बसेल बिचारा."

हात न लावता लागतो तो सूर म्हणजे काडीच! मग ही आत राहिली कशी?

१३ मार्च

दादाला विचारलं, बाबांनी शेवटचं कधी वाजवलं?

"तू गेलास त्या दिवशी. तू गेल्यावर मीच बटण बंद केलं. नंतर त्यांनी हात लावला नाही."

त्या दिवशी आमचं कडाक्याचं भांडण. मी बॅग उचलून निघालो, ते वाजवत होते. पूर्ण जिना उतरलो तरी सूर चालूच, ही लिफ्ट घुमते तसा. म्हटलं — पोरगा घर सोडतोय आणि हा माणूस उठतसुद्धा नाही! दीड वर्ष तेच धरून बसलो. त्यांचे फोन घेतले नाहीत. मग ते गेलेच. आज हे सगळं दादाला बोललो.

"उठले नाहीत?" दादा म्हणाला. "अनवाणी धावले रे तुझ्यामागे, कोपऱ्यापर्यंत. तुझी गाडी निघून गेली होती."

१४ मार्च

दादा दुकानात जाऊन बघून आला. काडी आहे. सामानवाला दुप्पट मागतो. "घरी यायच्या विमानाच्या तिकिटाचे पैसे ना हे तुझे? वेड लागलंय का?" लागलंय. ऑर्गन त्याच खोलीत ठेव म्हणालो. काडीला हात लावू नकोस. पुन्हा साठवीन, येईन, मीच काढीन.

पाठवले — अठरा हजार चारशे.