मुका नमस्ते

दादा,

आधीचं पत्र फाडलं. हेही बहुतेक पर्समध्येच राहील.

माझ्या वर्गात रुचिका आहे, ऑटिस्टिक. मी वर्गात शिरले की सगळी पोरं उभी राहून सुरात 'नमस्ते बाई' ओरडायची आणि ही कान दाबून बाकाखाली. म्हणून आता आमचा वर्ग नुसता हात हलवतो. शेजारच्या वर्गाच्या बाई म्हणतात, शिस्त गेली. म्हणू देत. काल रुचिकानेही हात हलवला, माझ्याकडे न बघता, पण बाकावर बसून.

तुला का सांगतेय? गणपतीत आरती सुरू झाली तशी तुझी ओवी कान दाबून पलंगाखाली शिरली. तू तिला ओढून बाहेर काढलंस, हातात टाळ दिलेस, 'लाडावलीय' म्हणालास. वहिनी माझ्याकडेच बघत होती. मी नैवेद्याच्या ताटात मोदक मांडत राहिले. परक्या आईबापांना सांगते रे मी, एकदा डॉक्टरांना दाखवा म्हणून. तुझ्यापुढे तोंड उघडत नाही.

रविवारी तुझ्याकडे सत्यनारायणाला येतेय. टाळ वाजायच्या आत ओवीला घेऊन गच्चीवर जाईन. आरती टाकून कुठे चाललीस, असं तू सगळ्यांसमोर विचारशीलच.

विचार.

मुग्धा